काचेची आतली बाजू

पावसाचं मी समजू शकते, तो बाहेरून येतो.
बोटानं निपटला, मान तिरकी केली,
की ओघळून जातो.
हे धुकं आतलं. माझंच.
कमानीच्या सिग्नलला थांबले
की दोन श्वासांत एलबीएस रोड पुसला जातो,
पुढच्या टँकरचे लाल दिवे
दुधात कुंकू सांडावं तसे पसरतात,
आणि पाठीवरच्या थंड पेटीत
नऊ माणसांचं उपाशीपोटी रक्त
जीव मुठीत धरून बसतं.

उपाय सगळ्यांकडे असतात.
लॅबमधला देवरुखकर म्हणाला, बटाट्याची फोड घास.
घासली. काचेवर पिठूळ डाग,
आणि आईचा प्रश्न, अर्धा बटाटा कुठे गेला.
भावानं दाढीचा फेस दिला.
तीन दिवस हेल्मेटात माझ्याशिवाय
कुणी पुरुषही बसलाय असा भास.
टूथपेस्ट ही माझी स्वतःची अक्कल:
आता समोरून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटला
मिशा आहेत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मुश्ताक मुकादमनं
ती काच उजेडाकडे धरली,
डॉक्टर एक्स-रे धरतात तशी, आणि तसंच च्च केलं.
"घासायचं नसतं, ताई.
नव्या काचेला भांड्याच्या साबणाचा एकच थेंब,
बोटानं पसरा, सुकू द्या,
मग मऊ फडक्यानं इतकंच पुसा
की आहे, पण दिसत नाही.
श्वास नाकानं. खाली सोडायचा, छातीकडे.
आणि काच एक क्लिक उघडी.
पूर्ण बंद करून कुणाचं भागलंय?"
नव्या काचेचे तो साडेआठशे मागत होता,
म्हणून शेवटचं वाक्य मी हिशोबात धरलं नाही.

मंगळवार, शुक्रवार कलिना.
गावठाणातलं घर, लाकडी जिना, सहावी पायरी सैल.
ऑस्कर मिरांडा, वय एक्याऐंशी,
पलंगाशी सिलिंडर, तोंडावर पारदर्शक मास्क.
मी पट्टा आवळून शीर शोधते,
ती बोटाखालून सरकते, पुन्हा शोधते.
मिरांडाबाई सुईकडे बघत नाहीत.
खुर्ची ओढून मास्कसमोर बसलेल्या.
वाफ धरते. विरते.
धरते.
"रातचा पण दिवा बंद करू देत नाय मी," त्या म्हणाल्या,
"ती वाफ दिसली पायजे."

दाराशी, छत्र्यांच्या बादलीशेजारी
माझं हेल्मेट, आतून साबण लावलेलं,
आरशासारखं लख्ख.
का कोण जाणे, निघताना वाटलं
येतानाच ते पालथं ठेवायला हवं होतं.

गेल्या शुक्रवारी यादीत ते नाव नव्हतं.
नावं जातात यादीतून.
कुणी स्वस्तातली लॅब धरतं,
कुणाला मुलगा मस्कतला घेऊन जातो.
देवरुखकरला विचारता आलं असतं.
त्याच्या हातात वडापाव होता,
आणि माझ्या पेटीतला बर्फ वितळत होता.

आता रविवारी रात्री, भांडी झाली की,
तोच साबण, एकच थेंब.
देवाला तेल घालावं इतक्या बेतानं घालते.
काच एक क्लिक उघडी, हनुवटी भिजते, भिजू दे.
खड्डे दिसतात. टँकर टँकरसारखे दिसतात.

परवा कमानीला लाल लागला,
एकशे वीसपासून उलटे आकडे.
आजूबाजूला कुणी नाही, फक्त एक कुत्रा, दुभाजकावर,
ओला, कंटाळलेला.
मी काच पूर्ण खाली ओढली
आणि तोंडानं श्वास सोडला, लांब,
मुकादमनं नको म्हटलं होतं तसा.

साबण चोख होता.
काहीच उमटलं नाही.

एकशे दोन. एकशे एक.
मी पुन्हा सोडला, या वेळी जोरात.